हार्ट ‘फेल’ झाल्यावरची सव्वातीन वर्षं

माझा साळा काटोलहून जीप करून आला तेव्हा मी नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात कॉटवर बसून मुगाची खिचडी खात होतो. जीपमध्ये सात माणसं. खालच्या काउंटरवर त्यांनी ‘बॉडी कुठं ठेवली’ म्हणून विचारलं, तिथल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये नाव पाहून ‘तिसरा माळा, जनरल वॉर्ड’ सांगितलं, आणि ही मंडळी डोळे पुसत वर आली. माझ्या हातातला चमचा पाहून साळ्याचं तोंड जे उघडं राहिलं ते मिटेचना. “भाऊजी, तुमी तं...” एवढंच बोलला.

चूक त्याची नव्हती. हिने फोनवर सांगितलं होतं, “यांचं हार्ट फेल झालं.” डॉक्टरांनी तिला जे सांगितलं तेच तिने पुढे सांगितलं. आपल्याकडे हे वाक्य ऐकल्यावर ‘मग आता कसे आहेत’ असं कोणी विचारत नाही. गाडी काढतात.

नंतर दवाखान्याने एक मराठी पत्रक दिलं, त्यात ‘हृदय निकामी होणे’ असं छापलेलं. ते तर आणखी वाईट. मी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३३ वर्षं काढली. तिथे ज्या भागावर खडूने ‘निकामी’ लिहिलं तो भंगारात जायचा, मग लिलावाला. हृदयाचं तसं नसतं हे समजायला मला बरेच दिवस लागले. पंप चालू असतो, फक्त जोर कमी पडतो.

हे सगळं २०२२ च्या मारबतीपासून सुरू झालं. मी महालातला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेलो नाही असं वर्ष मला आठवत नाही. त्या वर्षी गर्दीत शंभर पावलं गेलो असेन, श्वास पुरेना. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा ओरडा चालू होता आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तोंडाने हवा ओढत होतो. खरं तर दोन महिने आधीपासून मी तीन उशा घेऊन झोपत होतो, संध्याकाळी पायाला मोज्याचे वळ उमटत होते. मी त्याला गॅस म्हणत होतो, ही वय म्हणत होती. त्या रात्री आडवंच होता येईना. पाठ टेकली की पाण्यात बुडतोय असं वाटे. पहाटे चारला शेजारच्या पोराने ऑटोत घातलं.

टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. डावा कप्पा दर ठोक्याला त्यातल्या रक्ताचा किती हिस्सा बाहेर फेकतो, तो आकडा म्हणजे ईएफ. चांगल्या हृदयाचा साधारण ५५ ते ७०. माझा २५. माझी मुलगी पुण्यात असते, ती फोनवर म्हणाली, “बाबा, पास व्हायला पस्तीस लागतात.” ती हसायचा प्रयत्न करत होती. अँजिओग्राफीत नळ्या साफ निघाल्या, म्हणजे अटॅक नव्हे. हृदयाचा स्नायूच ढिला पडून फुगला होता. कशामुळे, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. एखादा जुना विषाणू असू शकतो, म्हणाले.

घरी आलो तो गोळ्यांचा डबा घेऊनच. लघवीची गोळी सोडली तर मुख्य औषधं चार. रोज सकाळी लघवीनंतर आणि चहाच्या आधी वजन करायचं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. दिवसाला पाणी दीड लिटर, त्यात चहा आणि वरणही धरायचं. मीठ कमी. लोणचं, पापड, कुरडया बंद, सावजीच्या दुकानाकडे बघायचंही नाही. पुडाच्या वडीबद्दल मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

सहा महिन्यांत ईएफ २५ चा ३२ झाला. जिना चढता येऊ लागला, एका उशीवर आलो. पण तिथेच अडकलो. फेब्रुवारी २०२३ च्या तपासणीला डॉक्टर म्हणाले की एका नव्या औषधाची ट्रायल इथे सुरू होते आहे. तुमची सगळी चालू औषधं तशीच राहतील, वरून दिवसाला एक गोळी. ती खरी असेल किंवा रिकामी. कोणती, ते तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही. घरी जा, विचार करा, नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही.

घरी जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे.

ही म्हणाली, “तुमच्यावर प्रयोग करून राहिले ते. उंदीर पायजे त्याईले.” साळ्याचं मत असं की कंपनी एवढी श्रीमंत आहे तर आधी पैसे ठेव म्हणावं. मुलीने पुण्याहून तीन दिवस वाचन केलं. २०१९ मध्ये भारत सरकारने नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल यांचे नियम काढले, ते तिने वाचले. ट्रायलची नोंद सरकारी रजिस्ट्रीत आहे का, तेही पाहिलं, होती. मग एका रात्री तिचा फोन आला आणि आवाज बारीक. ट्रायलमुळे कोणी दगावला तर भरपाईचं एक सूत्र नियमांत छापलेलं आहे. ८ लाख गुणिले वयाचा आकडा गुणिले धोक्याचा आकडा, भागिले ९९.३७.

मी वही काढली. पासष्ट आणि त्यावरच्या माणसाचा वयाचा आकडा नेमका ९९.३७ च आहे, म्हणजे वर-खाली उडून गेला. उरले ८ लाख गुणिले धोका. हा धोक्याचा आकडा अर्ध्यापासून चारपर्यंत, आणि तो उलटा चालतो: माणूस धडधाकट असेल तर चार, सहा महिन्यांचा सोबती असेल तर अर्धा. म्हणजे पासष्टीतला धडधाकट माणूस ३२ लाखांचा आणि मरणाच्या दारातला ४ लाखांचा. मला मध्यम धोका धरला तर १६ लाख. मी हे मोठ्याने सांगत होतो आणि तिकडे मुलगी रडत होती. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “भंगाराचा भाव काढून राहिले का तुमी?”

दुसऱ्या आठवड्यात ही माझ्याबरोबर आली. पदर खोचून आली म्हणा ना. डॉक्टरांना तिने एकच प्रश्न विचारला: “यांच्या डब्यातल्या ज्या गोळ्या आहेत, त्या पयले कोनं खाल्ल्या?”

मला वाटलं डॉक्टर चिडतील. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, ताई, हा प्रश्न फार लोक विचारत नाहीत. मग त्यांनी माझा डबा उघडून टेबलावर पट्ट्या मांडल्या.

पहिली, हृदयाची गती कमी करणारी. यावर मी आधीच त्यांच्याशी वाद घातला होता: पंप कमजोर आणि तुम्ही त्याला आणखी हळू करता? ते म्हणाले, जुनी पुस्तकंही असंच म्हणायची. अशा रोग्याला ही गोळी देऊ नये हा नियमच होता. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी सात रोग्यांना ती दिली आणि त्यांची तब्येत सुधारली. सातच. जगाने बरीच वर्षं विश्वास ठेवला नाही. १९९९ मध्ये दोन मोठ्या ट्रायल्स छापून आल्या तेव्हा मृत्यू एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. मला ते पटलं, कारण एसटीच्या गाड्यांना स्पीड लॉक बसवलं तेव्हा ड्रायव्हर लोकांनी असाच आरडाओरडा केला होता. इंजिन मात्र जास्त वर्षं चाललं.

दुसरी स्पायरोनोलॅक्टोन, जुनी आणि स्वस्त. तीही १९९९ मध्येच १,६६३ रोग्यांवर सिद्ध झाली, निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना रिकामी देऊन. खरी घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. तिसरी दोन औषधांची जोडगोळी, सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टन. तिच्या कुळाची सुरुवात ब्राझीलमधल्या एका विषारी सापापासून होते. तो चावला की रक्तदाब कोसळतो. का कोसळतो ते शोधता शोधता रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पिढी तयार झाली, आणि ही तिच्या पुढची. २०१४ मध्ये आठ हजारांवर रोग्यांवर तिची जुन्या औषधाशी तुलना झाली. ही आमच्या घरात अगदी नुकतीच आलेली, कारण पेटंट होतं तोवर परवडत नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांच्या पट्ट्या आल्या, आणि डॉक्टरांनी लगेच बदलून दिली.

चौथीवर हिचा सगळ्यात जास्त राग होता. मेडिकलवाला प्रत्येक वेळी विचारायचा, “काका, शुगर कधीपासून?” मला शुगर नाही. डॅपाग्लिफ्लोझिन मुळात मधुमेहाचीच गोळी. डॉक्टर सांगत होते, याचं मूळ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेल्या एका पदार्थात आहे, त्याने लघवीतून साखर जाते. पुढे २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने सांगितलं की मधुमेहाचं कोणतंही नवं औषध हृदयाला घातक नाही हे दाखवा. त्यासाठी या जातीच्या गोळ्यांच्या ट्रायल्स झाल्या. शोधायला गेले अपाय, आणि हाती काय लागलं, तर हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाने घटलं. मग २०१९ मध्ये ४,७४४ हृदयरोग्यांवर डॅपाग्लिफ्लोझिन तपासली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच. फायदा त्यांनाही झाला.

“म्हणजे त्या चार हजारातल्या अर्ध्यायनं खोटी गोळी खाल्ली,” ही म्हणाली.

“हो. त्यांनी खाल्ली म्हणून खरीचं कळलं.”

ही काही बोलली नाही. बाहेर आल्यावर ऑटोत म्हणाली, “करा मंग.”

संमतीपत्र २४ पानांचं. मराठीत होतं, पण ज्या मराठीत होतं ती कोणी बोलत नाही. ‘आपणांस यादृच्छिकपणे एका गटात नेमले जाईल.’ मी हिला वाचून दाखवत होतो, ती म्हणाली, “याद कोनाची?” तिथली कोऑर्डिनेटर, वर्ध्याची पोरगी, बी.फार्म. झालेली, मला काका म्हणायची. ती खळखळून हसली. म्हणाली, चिठ्ठी टाकतात ना काकू, तसं. फक्त चिठ्ठी कॉम्प्युटर टाकतो. प्रत्येक पानावर सही, शेवटच्या पानावर तारीख आणि वेळसुद्धा. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येईल, हे वाक्य तिने दोनदा वाचून घेतलं. एक प्रत माझी.

सही केली म्हणजे घेतलंच असं नाही. आधी स्क्रीनिंग. ईएफ ४० च्या खाली हवा, आधीची औषधं निदान चार आठवडे एकाच मात्रेत हवीत, मूत्रपिंड ठीक हवं, आणि एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी एका आकड्याच्या *वर* हवी. ताणलेलं हृदय हा पदार्थ रक्तात सोडतं. जास्त म्हणजे वाईट. तर आम्ही बाकावर बसून रिपोर्ट वाईट यावा म्हणून वाट पाहत होतो. शेजारी भंडाऱ्याकडचा एक धान शेतकरी बसला होता, माझ्याच वयाचा, पहाटेच्या गाडीने आलेला. त्याचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचा आकडा, जास्त निघालं. कोऑर्डिनेटर आतल्या माणसाला म्हणाली, “हे स्क्रीन फेल.” त्याने ते ऐकलं. जाण्यायेण्याचे पैसे मोजून घेतले आणि मला विचारलं, “माह्यं काय चुकलं जी?” मी काय सांगणार. हा ‘फेल’ शब्द त्या इमारतीत भिंतींना लागलेल्या ओलीसारखा होता, कुठेही हात लावा.

मी मात्र पास झालो. मग चालण्याची परीक्षा. दुसऱ्या माळ्यावरचा सरळ कॉरिडॉर, ३० मीटर, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. दमलात तर थांबा, पण घड्याळ थांबणार नाही. गंमत अशी की चालवणाऱ्याने उत्तेजन द्यायचं नसतं. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, ठरलेल्या सुरात. एकीला उत्साहाने ओरडू दिलं आणि दुसरीला नाही, तर आकडे बिघडतील. ती वर्ध्याची पोरगी एरवी किती बोलकी, पण तिथे रेल्वेच्या उद्घोषणेसारखी बोलायची. पहिल्या वेळी २९० मीटर गेलो.

आणि प्रश्नावली. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या नावाची, २३ प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत पाय किती वेळा सुजले, अंघोळ करताना किती त्रास झाला, जिना चढताना किती, असे प्रश्न. त्यात एक प्रश्न घाईने चालण्याचा, बस पकडायला निघाल्यासारखं. मी थांबलो. आयुष्यभर मी बस पकडली नाही; बस माझ्याकडे यायची, दुरुस्तीच्या पिटवर. ‘लागू नाही’ला खूण केली. कोऑर्डिनेटरने भुवया उंचावल्या, पण काही सुचवलं नाही. सुचवायचं नसतं.

मार्चअखेरीस पहिली बाटली मिळाली. कॉम्प्युटरने एक क्रमांक दिला, तिने कुलूपबंद कपाटातून त्या क्रमांकाची बाटली काढली. वर औषधाचं नाव नाही, फक्त अक्षरं-आकडे, आणि ‘३० अंशांच्या खाली ठेवा’. मी विचारलं, ताई, हे कोणत्या गावासाठी लिहिलं आहे? एप्रिलमध्ये आमच्या माजघरात कूलर लावूनही ३४-३५ असतं, आणि दुपारी लाइट गेली तर विचारू नका. तिला हे सुचलं नव्हतं असं नाही. त्यांच्या स्वतःच्या कपाटातही तापमान टिपणारं यंत्र बसवलेलं होतं, आणि मर्यादा ओलांडली की त्यातल्या सगळ्या बाटल्या बाजूला काढाव्या लागत. पण माझ्या घराचं काय? फ्रीजमध्ये ठेवू का? तिने कंपनीला ईमेल केला. पाच दिवसांनी उत्तर आलं की फ्रीज चालेल, बर्फाच्या कप्प्यात नको. ते पाच दिवस ती बाटली आमच्या देवघराखालच्या कोनाड्यात, ओल्या माठाला टेकून होती. घरातली सगळ्यात गार जागा तीच.

आता एक कबुली. तिसऱ्या दिवशी मी गोळी चावून पाहिली.

सगळेच करत असतील असं मला वाटतं. कार्यशाळेत आम्ही डिझेलमध्ये रॉकेल आहे का ते बोटावर घेऊन सांगायचो. मला वाटलं खरं औषध कडू असणार. ती गोळी अर्धी फुटली, मी उरलेली थुंकली, आणि डायरीत लिहिलं: ‘मोरीत पडली.’ मोजदाद होते ना, दर खेपेला रिकामी बाटली आणि उरलेल्या गोळ्या परत द्याव्या लागतात. एका गोळीचा हिशोब जुळायला हवा.

मग सुरू झाला मनाचा खेळ. एक दिवस वरच्या माळ्यावर सहज गेलो की म्हणायचं, खरी आहे. दुसऱ्या दिवशी दमलो की खडूची आहे. ही तर रोज तोंड बघून निकाल द्यायची. चालण्याची परीक्षा ३४० मीटरवर गेली तेव्हा मी डॉक्टरांना ठामपणे सांगितलं, मला खरीच मिळते आहे, बरं वाटतं आहे.

डॉक्टर म्हणाले, बरं वाटतं यावर मी फार जात नाही. आणि मग त्यांनी मिलरिनोन नावाच्या औषधाची हकिकत सांगितली. हृदयाला जोर देणारं औषध. शिरेतून दिलं की पंप लगेच जोरात चाले. साहजिकच सगळ्यांना वाटलं, रोज गोळी दिली तर माणूस उभा राहील. १,०८८ रोग्यांवर ट्रायल झाली, १९९१ मध्ये निकाल छापला. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी *जास्त* निघाले. झिजलेल्या इंजिनाला ॲक्सिलरेटर देत राहण्यासारखं झालं ते, हे मी माझ्या मनात म्हणालो. निम्म्यांना रिकामी गोळी दिली नसती तर कोणालाच कळलं नसतं. जे गेले ते आजाराने गेले असंच सगळे म्हणाले असते.

“मग आत्ता कोणाला माहीत आहे, कोण काय खातंय?” मी विचारलं.

एक स्वतंत्र समिती असते, ते म्हणाले. कंपनीची नाही, आमची नाही. तिच्यापुढे दोन्ही ढीग उघडे असतात. एका बाजूला जास्त माणसं जाताना दिसली तर ती ट्रायल थांबवते. फायदा फार स्पष्ट दिसला तरी थांबवते. तुमच्या जोडगोळीची ट्रायल तशीच मुदतीआधी थांबवली होती.

त्यानंतर मी चालण्याचे मीटर घरी सांगणं बंद केलं.

२०२४ च्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, मी पडलो. इथल्या उन्हाळ्यात माझ्यासारख्याची पंचाईत ही की बाकी सगळं गाव ‘पाणी प्या’ म्हणतं आणि माझ्या हातात मापाची बाटली. आदल्या वर्षी डॉक्टरांनी मे महिन्यात लघवीची गोळी निम्मी केली होती आणि पाणी थोडं वाढवून दिलं होतं. जुलाब-उलटी झाली तर लगेच फोन करा, काही गोळ्या थांबवाव्या लागतात, असंही बजावलं होतं. या वेळी शनिवारी जुलाब लागले. रविवार आहे, डॉक्टरांना कशाला त्रास, म्हणून मी फोन केला नाही आणि शिस्तीत सगळ्या गोळ्या घेत राहिलो. सोमवारी मध्यरात्री मोरीत कोसळलो. वरचा रक्तदाब ७८, सोडियम १२१.

माझ्या पाकिटात ट्रायलचं कार्ड होतं, त्यावर चोवीस तासांचा नंबर. हिने रात्री दोनला तो लावला. समोरून लगेच उचलला गेला, हे मी मान्य करतो. पण त्याच रात्री खालच्या बिलिंग काउंटरने हिच्याकडून वीस हजार भरून घेतले. नियम असा आहे की ट्रायलमधल्या माणसाला इजा झाली तर ती ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत उपचार फुकट. काउंटरवरच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं, आणि हिने साखळी उतरवून साळ्याकडे द्यायची तयारी केली होती. ते पैसे परत यायला तीन महिने आणि माझे सात हेलपाटे लागले.

भरती व्हावं लागलं म्हणजे ती ‘गंभीर घटना’. चोवीस तासांच्या आत डॉक्टरांना ती कंपनीला, दिल्लीच्या औषध नियंत्रकांना आणि दवाखान्याच्या नैतिकता समितीला कळवावी लागली. मी सलाइनवर आणि माझ्या जुलाबाच्या बातम्या तीन कार्यालयांत.

दुसऱ्या दिवशी हिने डॉक्टरांना गाठलं. “आता तरी पाहा न बापा, खरी होती का खोटी.” तशी सोय असते. कोड तोडणं म्हणतात त्याला. डॉक्टर म्हणाले, कळल्याने उपचार बदलणार असेल तरच तोडतो. आत्ता सगळ्याच गोळ्या थांबवल्या आहेत, सोडियम चढतं आहे, कळून मी वेगळं काही करणार नाही. ही फार चिडली. मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलो आहे असं दाखवत. मनातून मला वाटत होतं, तोडा. एकदा कळू द्या. चौथ्या दिवशी घरी आलो तेव्हाही तेच वाटत होतं. दोन आठवड्यांनी त्यांनी विचारलं, ट्रायलची गोळी पुन्हा सुरू करायची का, नको असेल तर इथेच थांबू. मी भंडाऱ्याच्या त्या माणसाचा विचार केला, का कोण जाणे, आणि सुरू करा म्हणालो.

नैतिकता समितीने कागद पाहिले. त्यात एक वकील असतो, एक बाई असावीच लागते, आणि एक अगदी आपल्यासारखा सामान्य माणूसही असतो. घटना औषधामुळे नाही, जुलाब आणि उन्हामुळे, असं ठरलं. बरोबरच होतं. तरी मनात येतं, की त्या सामान्य माणसाला माझ्या फाइलमध्ये फक्त एक क्रमांक दिसला असेल; माझं नाव त्यावर नव्हतं.

नंतरचं दीड वर्ष कंटाळवाणं गेलं, आणि आजारात कंटाळा म्हणजे चांगलीच गोष्ट. दर तीन महिन्यांनी रक्त, एको, प्रश्नावली. रक्ताच्या नळ्या कोरड्या बर्फात घालून विमानाने जायच्या. माझं रक्त माझ्यापेक्षा जास्त फिरलं. कधी कधी हैदराबादहून कंपनीचा मॉनिटर यायचा आणि कागदांत चुका शोधायचा. बोट ठेवून तारखा वाचणारा तो गंभीर पोरगा पाहून मला आमचे ऑडिटवाले आठवायचे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझी शेवटची भेट झाली. ईएफ ३८. चालणं ३६५ मीटर. खरी होती की खोटी ते अजून कोणालाच माहीत नाही. बाकीच्या देशांतल्या रोग्यांच्या भेटी संपायच्या आहेत, मग आकडे एकत्र होतील, मग पाकिटं उघडतील, मग मला फोन येईल. रोजच्या चार गोळ्या चालूच आहेत.

कोऑर्डिनेटरने शेवटची बाटली ट्रेमध्ये ओतून चमच्याने गोळ्या मोजल्या. जुळल्या. ती फाइल बंद करणार तेवढ्यात मी म्हणालो, ताई, २०२३ ची एक गोळी मोरीत पडली नव्हती.

तिने ऐकून घेतलं. रागावली नाही, पण बसायला सांगितलं. जाड फाइलमधून ते जुनं पान काढलं. मला वाटलं ती व्हाइटनर लावेल. ते चालत नाही, म्हणाली. खोडायचंही नाही, खालचं वाचता आलं पाहिजे. ‘मोरीत पडली’ यावर तिने पट्टीने एक सरळ रेघ मारली, बाजूला खरं काय ते लिहिलं, सही केली, आजची तारीख टाकली. मग पेन तसंच धरून मला विचारलं, “चव कशी होती काका?”

खडूसारखी, मी म्हणालो. तिने तेही लिहून घेतलं.